खुणेपर्यंत की खुणेच्या वर?

वाचकहो, फाल्गुन लागला की कवींना आंब्याचा मोहोर दिसतो आणि कोकिळेची साद ऐकू येते. आमच्या घरी वसंताची वर्दी डिझेलच्या वासाने येते. दिवाळीपासून उसाच्या ट्रॉल्या ओढून थकलेला ट्रॅक्टर कारखान्याची शेवटची खेप टाकून परततो, अंगणातल्या जांभळाखाली उभा राहतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या पान्यांची पिशवी हातात घेऊन त्याच्याभोवती एक फेरी मारतात. बोलत काहीच नाहीत. कुठे तेलाचा ओघळ आहे, कोणता नट सैल दिसतो, टायरच्या कडेला चीर गेली आहे का, एवढेच पाहतात. ही मूक फेरी म्हणजे आमच्या नव्या हंगामाचा आरंभ.

आमचे गाव बेळगावच्या पश्चिमेला, मार्कंडेय नदीच्या खोऱ्यात. भात, ऊस, बटाटे आणि रताळी ही इथली पिके. भाताची पेरणी आम्ही बहुतेक धूळवाफेची करतो, म्हणजे पाऊस येण्याआधीच कोरड्या, भुसभुशीत मातीत कुरीने बी टाकून मोकळे होतो. रोहिणी नक्षत्र मे महिन्याच्या अखेरीस लागते. तोवर नांगरट होऊन, उन्हात तापून, कुळवाच्या पाळ्या पडून रान तयार असले पाहिजे. दरम्यान चैत्र-वैशाखात एखाददुसरा वळीव पडतो. वळवानंतर दोन-चार दिवस माती अशी काही होते की ढेकूळ हातात धरून दाबले तर फुटते, पण चिकटत नाही. पुण्याकडचे वाचक याला वाफसा म्हणतील. आम्ही 'घात' म्हणतो. 'घात आली' हा आमच्याकडे आनंदाचा निरोप आहे. बडोद्याला स्थायिक झालेल्या आमच्या एका आतेभावाला हाच निरोप पूर्वी एकदा पाठवला होता, तर त्याने घाबरून उलट विचारले, कोणाचा घात झाला? घात स्त्रीलिंगी आली की सुगी आणि पुल्लिंगी झाला की संकट, हे त्याला नीट समजावून सांगावे लागले.

सांगायचे ते एवढेच, की घात चार दिवसांची पाहुणी असते. त्या चार दिवसांत ट्रॅक्टर चालू नसेल तर नांगरट लांबते, नांगरट लांबली की पेरणी चुकते. म्हणून फाल्गुनातले हे आठ-दहा दिवस आम्ही सहसा लग्नकार्यालाही देत नाही.

कामाची सुरुवात धुण्याने होते. उसाच्या फडात चार महिने फिरलेल्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरच्या जाळीत पाचटाचा भुसा आणि धूळ यांचा असा थर बसलेला असतो की पलीकडचे दिसत नाही. ही जाळी धुताना पाणी पंख्याच्या बाजूने पुढे मारावे लागते, म्हणजे कचरा ज्या वाटेने आत आला त्याच वाटेने बाहेर पडतो. समोरून जोराने पाणी मारले तर तो आणखी आत रुततो. रेडिएटरचे झाकण इंजिन गरम असताना उघडायचे नाही, हे आमच्या घरात लहान मुलालाही ठाऊक आहे, कारण आमच्यापैकी एकाच्या मनगटावर त्याचा पुरावा अजून आहे. मग पंख्याचा पट्टा. अंगठ्याने दाबला असता अर्धा इंच दबावा. याहून ढिला असला तर तो घसरतो आणि इंजिन तापते. फार ताठ असला तर बेअरिंग खातो.

बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा क्षार साठलेला असतो. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून तो धुऊन काढायचा, टोके कोरडी करून वर व्हॅसलीन चोळायचे. तार सोडताना आधी ऋण टोकाची, बसवताना ती शेवटी. नाहीतर पाना लोखंडाला टेकताच ठिणगी उडते. आतल्या पट्ट्या पाण्याखाली बुडालेल्या हव्यात आणि ते पाणी दुकानातले शुद्ध पाणी हवे, विहिरीचे नव्हे.

इंजिन ऑइल बदलताना इंजिन आधी थोडे फिरवून घ्यायचे. ऑइल गरम झाले की गाळ घेऊन बाहेर पडते. डिझेलचे फिल्टर बदलले की नळ्यांमध्ये हवा शिरते आणि मग कितीही स्टार्टर मारा, इंजिन नुसते घुरघुरते. 'ट्रॅक्टरने एअर घेतली' असे त्याला म्हणतात. फिल्टरवरचा लहान स्क्रू सैल करून हातपंप मारीत राहायचे. आधी फेस येतो, मग बुडबुडे, आणि शेवटी डिझेलची अखंड धार लागली की स्क्रू आवळायचा. हे काम घाईच्या माणसाने करू नये.

उसाच्या वाहतुकीत दोन्ही ब्रेक एकत्र जोडलेले असतात. रस्त्यावर ते तसेच असले पाहिजेत, नाहीतर भरल्या ट्रॉलीसह ट्रॅक्टर एका अंगाला ओढला जाऊन उलटतो. शेतात मात्र बांधाशी वळण घेताना एकाच चाकाचा ब्रेक लागतो, म्हणून ते सोडवायचे. ज्या लोखंडी पट्टीने ते जोडतात तिला आमच्याकडे 'खीळ' म्हणतात. नांगरटीला जाताना खीळ काढणे आणि परत रस्त्याला लागताना घालणे, या एका सवयीवर कित्येक घरांचे कुंकू टिकून आहे. टायरमधली हवाही बदलावी लागते: ओझ्याला मागच्या चाकांत जास्त, नांगरटीला कमी. कमी हवेचे टायर जमिनीवर पसरून बसते आणि कमी घसरते. आम्ही मागे चौदा पाउंडाच्या आसपास ठेवतो.

ही सारी निगा तासांच्या हिशेबाने चालते. दर दहा तासांनी ग्रीस, अडीचशे तासांनी इंजिन ऑइल, असे. ट्रॅक्टरच्या काट्यावर किलोमीटर नसतात, तास असतात. आणि इथे आमच्या मराठीची एक गंमत आहे. नांगराने मातीत ओढलेल्या रेघेलाही आम्ही 'तास' म्हणतो. घड्याळाचा तो तास, नांगराचे ते तास. संध्याकाळी तात्या विचारतात, 'किती तास झाले?' तेव्हा ते काट्याबद्दल विचारतात की रानाबद्दल, हे त्यांच्या तोंडाकडे पाहून ओळखावे लागते.

इतके सगळे तपशीलवार लिहिले, पण एका भागाबद्दल मुद्दाम काही बोललो नाही. तो म्हणजे एअर क्लीनर. आमचा ट्रॅक्टर जुन्या घडणीचा, पस्तीस अश्वशक्तीचा. त्याच्या एअर क्लीनरच्या तळाशी एक वाटी असते आणि त्या वाटीत ऑइल. इंजिन जी हवा ओढते ती या ऑइलवरून फिरून जाते आणि धूळ ऑइलात अडकून राहते. नांगरटीच्या दिवसांत ही वाटी रोज उघडून पाहावी लागते. ऑइल चिखलासारखे झाले तर वाटी डिझेलने धुऊन नवे भरायचे. वाटीच्या आतल्या अंगाला एक खूण कोरलेली असते. काम पाच मिनिटांचे. याच पाच मिनिटांच्या कामात सहा वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात आमचे इंजिन आणि कदाचित आमचा पुतण्याही जायचा होता.

ट्रॅक्टर आम्ही बेळगावातून जुना घेतला होता. विकणाऱ्याने कागदपत्रांबरोबर एक माहितीपुस्तिका दिली, ती कन्नडमध्ये. मराठी नाही का, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, मराठी पुस्तिका कोल्हापूरकडच्या गिऱ्हाइकांना देतात. यावर रागावण्यासारखे त्या बिचाऱ्याच्या हातात काही नव्हते. पुस्तिका आम्ही कोनाड्यात ठेवून दिली. कन्नड आम्हाला बोलता येते. बाजार, बसथांबा, तालुका कचेरी, सगळीकडे ती लागतेच. वाचणे मात्र आमच्या पिढीला अडखळतच जमते. तात्या तर जुन्या मराठी सातवीचे. घरात कन्नड सरळ वाचणारा एकच, आमचा पुतण्या. तो तेव्हा मराठी शाळेत नववीत होता आणि सक्तीचा विषय म्हणून कन्नड शिकत होता.

त्या दिवशी मेस्त्री दुपारी येणार होते. तात्यांना तोवर दम निघेना. त्यांनी वाटी काढून स्वच्छ धुतली आणि पुतण्याला पुस्तिका वाचायला बसवले. तो बोट फिरवत वाचू लागला: 'गुरुतिनवरेगे एण्णे हाकि.' गुरुतु म्हणजे खूण, एण्णे म्हणजे तेल, हाकि म्हणजे घाला. तीनही शब्द तात्यांना ठाऊक होते. मधले 'वरेगे' त्यांच्या मराठी कानाने ऐकले ते 'वर' असे. खुणेच्या वर तेल घाला. त्यांनी घातले. वाटी काठोकाठ भरली.

यात त्यांचा दोष आम्ही मानत नाही. ज्या माणसाचे अर्धे आयुष्य बैलगाडीच्या आखाला वंगण घालण्यात गेले, त्याच्या लेखी तेल जास्त झाल्याने बिघडते ही गोष्टच संभवत नाही. गाडी कुरकुरली की वंगण कमी, एवढेच शास्त्र. पुस्तिका खुणेच्या वर भरा म्हणते आहे, हे त्यांच्या अनुभवाशी इतके जुळले की दुसऱ्यांदा वाचून घेण्याची गरजच वाटली नाही.

स्टार्टर मारण्याचा मान पुतण्याचा. तो आसनावर चढला. इंजिन सुरू झाले, एकदोन मिनिटे नेहमीसारखे चालले. मग त्याने हौसेने रेस वाढवली आणि धुराड्यातून पांढुरका-निळसर धूर उसळला. आवाज चढू लागला. त्याने रेस कमी केली, आवाज चढतच राहिला. इंजिन बंद करण्याची दांडी ओढली, तरी बंद होईना. आता कारण कळते: दांडी ओढल्याने डिझेल बंद होते, पण इंजिन डिझेलवर चाललेच नव्हते. वाटीतले जादा ऑइल हवेबरोबर ओढून ते तेच जाळत होते. जितका वेग जास्त तितकी ओढ जास्त, जितकी ओढ जास्त तितके ऑइल. अशा वेळी इंजिनाला कोणी धनी उरत नाही. फुटेपर्यंत ते फिरते.

आम्ही तिघे चुलत भाऊ अंगणात होतो आणि तिघांनाही काही सुचले नाही, हे इथे कबूल केले पाहिजे. पोरगा आसनावर थिजून बसला होता. त्याला कोणी हाताला धरून खाली ओढले, यावर आमचे अजून एकमत नाही. तेवढ्यात मेस्त्री फाटकातून आत आले. त्यांनी मोटारसायकल उभी केली नाही, टाकलीच. गुरांच्या टाकीवर भिजत पडलेले गोणपाट उचलले, बॉनेटवरच्या हवेच्या नळीची टोपी उडवून लावली आणि गोणपाटाचा बोळा त्या तोंडावर दाबून धरला. हवा तुटली. इंजिन दोन गचके देऊन थांबले. नंतरची शांतता आम्हाला अजून आठवते. जांभळावरची पाखरेसुद्धा गप्प होती.

मेस्त्री कन्नड बोलणारे, पण बेळगावच्या हवेत वाढलेले. मराठी आमच्यासारखीच बोलतात. त्यांनी वाटी काढून पाहिली आणि तात्यांना म्हणाले, 'काका, काय केलासा हे? खुणेपर्यंत घालायचं ओ, वर न्हवं.' तात्यांनी पुस्तिकेकडे बोट दाखवले. मेस्त्रींनी ओळ वाचली, पुतण्याकडे पाहिले, तात्यांकडे पाहिले, आणि क्षणभराने त्यांना कळले. ते हसले नाहीत. 'वरेगे,' ते म्हणाले, 'म्हंजे पर्यंत.'

हवेची नळी आणि आतला मार्ग उघडून धुवावा लागला, ऑइल पुन्हा बदलावे लागले, दोन दिवस गेले. इंजिन वाचले. तात्या मात्र पुढचा आठवडाभर ट्रॅक्टरजवळ गेले नाहीत.

भाषेचा विचार करणाऱ्या माणसाला अशा प्रसंगानंतर झोप येत नाही. आम्ही कितीतरी वर्षे शब्दांसाठी हळहळत आलो: क्लच, फिल्टर, गिअर, रेडिएटर हे परके शब्द आमच्या शिवारात शिरले, त्यांना मराठी प्रतिशब्द हवेत, वगैरे. त्या दिवशी अंगणात जे घडले त्यात परक्या नामाचा काही संबंध नव्हता. तेल, खूण, घाला हे सगळे कळले होते. चुकला तो एक प्रत्यय. कुठवर आणि किती, हे सांगणारा. आणि त्यातही विनोद असा की आमच्या स्वतःच्या मराठीत 'वर'ला दोन्ही अर्थ आहेत. 'डोक्यावर', 'बांधावर' यांतले वर एक. 'कुठवर', 'तोवर', 'आजवर' यांतले वर दुसरे, आणि ते 'पर्यंत'च. जुन्या मराठीतले 'जंववरी' तेच सांगते. तात्यांनी त्या क्षणी 'कुठवर'मधले वर आठवले असते तर त्यांना कन्नडची ओळ अचूक लागली असती. पण घाईत कान घरातला जवळचा अर्थ उचलतो.

तेव्हा नामे कोणाचीही येवोत. यंत्र जिथून आले तिथून त्याच्या भागांची नावे येणारच. सुताराच्या पेटीतही सगळी हत्यारे एका गावची नसतात. खुद्द 'कुरी' हा आमच्या पेरणीचा लाडका शब्द कन्नड 'कूरिगे'चा सख्खा नातलग आहे आणि आम्हाला त्याची लाज वाटत नाही. क्रियापदे, मापे आणि 'थांब' म्हणणारे शब्द मात्र माणसाच्या हाडीमांशी खिळलेल्या भाषेतच हवेत. हात तेलाने माखलेले असताना, ऊन चढत असताना, मनातल्या मनात भाषांतर करायला वेळ नसतो.

यावर वाचक म्हणतील, मग मराठी पुस्तिका मिळवायची. ती आम्ही मिळवली. कोल्हापूरकडच्या एका पाहुण्याकडून मागवली. आणि आम्ही तोंडघशी पडलो. तिच्यात एअर क्लीनर 'वायुशोधक' झाला होता, वंगणाचे 'स्नेहक' झाले होते, आणि वाटीतल्या तेलाची पातळी विहित मर्यादेत राखण्याची सूचना होती. तात्यांनी दोनदा वाचून घेतले आणि विचारले, 'विहित म्हणजे विहिरीतली का?' मराठी खरी, पण जिने कधी पाना धरला नाही अशी. ती कोणत्या खुर्चीत बसून लिहिली असेल ते आम्हाला डोळ्यांपुढे दिसले. वंगणासारखा पिढ्यान् पिढ्या गाडीच्या आखाला लागलेला शब्द हाताशी असताना स्नेहक कोणाला सुचते? आमच्या मेस्त्रींच्या कन्नडमध्ये वंगणाला 'कीलेण्णे' म्हणतात. कीलु म्हणजे खीळ, सांधा, आणि एण्णे म्हणजे तेल. तोही गाडीच्या चाकाशी वाढलेला शब्द आहे. वंगण आणि कीलेण्णे एकमेकांना ओळखतात. स्नेहकाला दोघांपैकी कोणीच ओळखत नाही.

हे असेच चालत आले आहे असे मात्र नाही, आणि त्याची साक्ष आमच्याच जिल्ह्यात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. त्यांचे सायकलचे दुकान बेळगावात होते. पुढे ते कडबा कापायच्या यंत्रांकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले आणि १९१० साली कुंडलजवळच्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडाच्या नांगराने जमिनीत विष भिनते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती, नांगर खपेनात. ती समजूत काढायची तर शेतकऱ्याशी त्याच्या बोलीत बोलावेच लागले असणार. १९२० साली कारखान्याने 'किर्लोस्कर खबर' काढले तेही मराठीत. आमच्या आजोबांच्या वेळचा एक लोखंडी नांगर अजून गोठ्याच्या भिंतीला टेकून आहे. लाकडी नांगरापासून तुटून तो आला, पण फाळ हा शब्द त्याने तसाच ठेवला. इसाड आणि रुमणे हे शब्द मात्र लाकडाबरोबर हळूहळू गेले. आमच्या पुतण्याला ते समजावून सांगावे लागतात.

जे शब्द गेले ते गेले. आम्हाला नवल वाटते ते न गेलेल्यांचे, आणि त्यांत बहुतेक क्रियापदे आहेत. बैल जाऊन आमच्याकडे वीस वर्षे झाली, तरी तात्या ट्रॅक्टरला नांगर 'जुंपतात' आणि संध्याकाळी ट्रॅक्टर 'सोडतात'. पुतण्या ट्रॅक्टर 'हाकतो'. रेडिएटरला पाणी 'पाजतात'. चढावर इंजिनाला 'धाप लागते'. पलटी नांगराचे फाळ बोथटले की लोहाराकडे नेऊन 'पाजवून' आणतात. नांगर आता हायड्रॉलिकने उचलला जातो, तरी त्याच्यासकट सगळ्या अवजारांना अजून 'औत' हेच नाव आहे. यातले काही कोणी समितीत बसून ठरवले नाही.

म्हणून त्या प्रसंगानंतर आम्ही एक वही केली. दोनशे पानी, पुतण्याच्या शाळेतली उरलेली. तिच्यात ट्रॅक्टरचे प्रत्येक काम तात्या बोलतील तसे लिहायचे, असा नियम. पुस्तिका कन्नडमधून मेस्त्रींनी सांगायची, तात्यांनी आपल्या शब्दांत परत म्हणायची, आणि मेस्त्रींनी मान हलवली तरच पुतण्याने लिहायची. तीन संध्याकाळी या कामात गेल्या. पहिल्या संध्याकाळी मेस्त्रींना वाटले आम्ही वेळ घालवतो आहोत. दुसऱ्या संध्याकाळी ते स्वतःच एका वाक्यावर अडले. क्लचचा पाय किती सैल हवा, हे तात्यांनी म्हटले: 'पाय ठेवल्यावर आधी दोन बोटं पोकळ जावा, मग भार लागावा.' मेस्त्रींनी पट्टी आणून मापले, ते पुस्तिकेतल्या मापाहून जास्त भरले. दोन बोटांचे एक बोट झाले, आणि 'पोकळ जावा' हे शब्द मेस्त्री तेव्हापासून आपल्या इतर गिऱ्हाइकांकडेही वापरतात. कन्नड गिऱ्हाइकांकडे काय म्हणतात ते विचारायचे राहिले.

वहीतली भाषा कोणत्याही परीक्षेत पास होणार नाही. 'एअर काढताना हात आवरता घ्या, धार अखंड झाल्याबिगर स्क्रू आवळू नका' असे एका ठिकाणी आहे. 'फिरत्या शाफ्टाजवळ टॉवेल, धोतराचा सोगा, ओढणी नको. शाफ्ट माणूस बघत नाही' असे दुसऱ्या ठिकाणी. पुतण्याने 'अवश्य वाचावे' असा मथळा घातला होता, तो तात्यांनी खोडायला लावला. म्हणाले, ज्याला गरज आहे तो वाचेल. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या वाचकांना यातले 'कुळव' कदाचित अडेल. तुमच्या माळव्यात बखर चालतो आणि विदर्भात वखर. तुमच्या वहीत तो लिहा. आमची वही तुमच्यासाठी नाही, तशीच तुमची आमच्यासाठी नसावी.

वही झाली म्हणून ट्रॅक्टर बिघडायचा थांबला असे कोणी समजू नये. मागल्या वर्षी हायड्रॉलिकचे सील गेले आणि नांगर उचललेला राहीना. त्याच वळवात आमची दीड एकर नांगरट राहून गेली. वहीत सीलबद्दल काही नव्हते. आता आहे.

यंदा पाडव्याच्या आदल्या दिवशी सगळे आवरले. पुतण्या आता पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टी काढून आला होता. एअर क्लीनरची वाटी त्यानेच धुतली. वहीतले ते पान आम्ही उघडले तेव्हा दिसले की 'खुणेपर्यंत' या शब्दाखाली तात्यांनी कधीतरी लाल पेन्सिलीने दोन रेघा मारल्या आहेत, आणि समासात वेगळ्याच, गोल वळणाच्या अक्षरात, पण देवनागरीत, कोणीतरी लिहिले आहे: 'वरेगे'. मेस्त्रींना विचारले, तर ते म्हणाले, 'माझा पोरगा बी शिकाय लागलाय की ओ. त्याला वही दावतो म्या.'

पाडव्याला सकाळी ट्रॅक्टरला हळदकुंकू झाले, नारळ फुटला, ब्रेकची खीळ काढली आणि पुतण्याने वरच्या रानात पहिले तास धरले. आम्ही बांधावर उभे होतो. आठवड्यापूर्वीच्या वळवाने घात आलेली होती. फाळाखालची माती तेलकट चकाकत उलटत होती आणि मागे बगळे उतरले होते. दहाच्या सुमारास तो बांधाशी येऊन थांबला, तेव्हा तात्यांनी त्याला विचारले, 'किती तास झाले?'

त्याने काट्याकडे पाहिले आणि सांगितले, 'दीड.'

तात्यांनी रानाकडे हात केला. तो खाली उतरला आणि मोजायला लागला.